तळ्याची पाळ आणि रात्रीची जाग

बीड जिल्ह्यातल्या माणसानं पुरावर बोलायला बसावं, हे ऐकणाऱ्याला थोडं विचित्र वाटेल. आमचा जिल्हा ओळखला जातो तो दुष्काळासाठी, टँकरसाठी आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन घराबाहेर पडणाऱ्या ऊसतोड मजुरांसाठी. त्यातून मी नांदूरघाटचा. केज तालुक्यातलं हे गाव बालाघाटाच्या अंगाचं. आमच्याकडे जुनी माणसं जिल्ह्याचे सरळ दोन भाग करतात. गोदावरीकाठचा सखल मुलूख तो गंगथडी आणि वरचा उंचसखल, मुरमाड मुलूख तो बालाघाट. पूर यायचा तो गंगथडीला, आमच्या नशिबी फक्त आभाळाकडं बघणं, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत.

ही समजूत अर्धीच खरी आहे. बालाघाटावरचं पाणी थांबत नाही, म्हणून दुष्काळ पडतो. आणि थांबत नाही म्हणूनच पूरही येतो. सकाळी ज्या ओढ्यातून पोरं वाळूत खेळत शाळेत गेली, तोच ओढा संध्याकाळी त्यांना पलीकडच्या काठावर अडकवून ठेवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांनी जे पाहिलं ते आता सगळ्यांना माहीत आहे. सिंदफणा, मांजरा, सीना या नद्या पात्र सोडून शिवारात फिरल्या. पीक तर गेलंच, पण कितीतरी ठिकाणी खालची जमीनच खरडून गेली, वर दगडगोटे उरले.

अशा रात्री आमच्या भागातली माणसं झोपत नाहीत. मारुतीच्या पारावर किंवा कुणाच्या तरी ओसरीवर चार जण बसलेले असतात. त्यांच्या बोलण्यात नदीला किती पाणी आलं हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न असतो, ‘तळ्याची पाळ धरतीय का?’

हा प्रश्न कुठून आला, ते सांगायला हवं. त्याचा इतिहास फार जुना नाही.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. सलग दोन-तीन वर्षं पाऊस हुकला होता. शासनानं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव. शेतकऱ्याची, पाटलाची, बलुतेदाराची अशी सगळ्या घरची माणसं एका रांगेत पाट्या वाहू लागली. मजुरीबरोबर सुकडी मिळायची. त्या सुकडीची चव आजही काही जण सांगतात आणि सांगताना तोंड वाकडं करतात की डोळे पुसतात, ते कळत नाही. पुढं यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कायद्याचं कौतुक देशभर झालं आणि ते रास्तच होतं. पण त्या काळात उभ्या राहिलेल्या मातीच्या बांधांचं पुढं काय झालं, यावर फारसं कुणी बोललं नाही. आमच्याकडे गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये, असा एखादा तलाव असतोच. पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी हातानं घातलेली ती पाळ. तिच्या खाली शेतं, शेतांच्या खाली वस्ती.

मातीची पाळ म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. मध्ये काळ्या चिकणमातीचा गाभा असतो. पाणी अडवायचं काम त्याचं. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचं कवच, तो पाळीचा भार आणि तोल सांभाळतो. पाण्याच्या बाजूनं दगडाचं अस्तर, ज्याला आपण पिचिंग म्हणतो. ते लाटांपासून मातीला वाचवतं. आणि एका टोकाला सांडवा. तळं भरल्यावर जादा पाणी बिनबोभाट निघून जावं म्हणून ठेवलेली ती वाट. या सगळ्यात बांधणाऱ्याला सर्वांत कमी कौतुकाचा आणि तळ्याला सर्वांत गरजेचा भाग तोच.

अशी पाळ मुख्यतः दोन तऱ्हांनी मरते. पाणी तिच्या डोक्यावरून गेलं तर ती मरते. दगडी धरण डोक्यावरून पाणी गेलं तरी काही काळ तग धरतं, माती धरत नाही. पलीकडच्या उतारावर पाणी घळ पाडतं आणि घळ मागं सरकत वर येते. दुसरं मरण आतून येतं. कुठं झाडाचं मूळ कुजून पोकळी राहिलेली असते, कुठं घुशीचं बीळ, कुठं बांधताना नीट न दाबलेला थर. तिथून पाणी झिरपू लागतं आणि हळूहळू माती घेऊन बाहेर पडतं. बाहेरून पाळ धडधाकट दिसते आणि आत नळी पडत जाते.

आमच्या शिवारात तळ्याखाली जमीन असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून मी हे सगळं पहिल्यांदा ऐकलं, पुस्तकात नंतर वाचलं. तो पाळीच्या पायथ्याशी जाऊन झऱ्याचं पाणी ओंजळीत घ्यायचा. ‘गुरुजी, पाझर असणारच. माती हाय ती. फकत पाणी निवळ यायलंय का गढूळ, तेवढं बघायचं. निवळ आलं तर खुशाल झोपा. गढूळ आलं की पोरंबाळं उठवा.’ इंजिनिअरिंगच्या ग्रंथात याच गोष्टीला दोन प्रकरणं लागतात.

पाळी फुटण्याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे आणि त्याची सुरुवात मला हैदराबादपासून करावीशी वाटते. कुणी म्हणेल, हैदराबादचा आणि आपला काय संबंध? १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. तेव्हा राजधानीत जे घडलं तो आपल्याही इतिहासाचा भाग आहे, आपण तो विसरलो एवढंच.

२८ सप्टेंबर १९०८. मूसा नदीला आलेल्या पुरानं हैदराबाद शहर धुऊन नेलं. सुमारे पंधरा हजार माणसं दगावली असं सांगतात. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर दीडशेच्या आसपास माणसं चढून बसली आणि वाचली. ते झाड पुढं शंभर वर्षांनंतरही लोक जाऊन पाहत. निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीकाठी जाऊन तिची पूजा केली, अशीही आठवण सांगितली जाते. नदीची ओटी भरणाऱ्या आपल्या आयाबायांना त्यात नवल वाटणार नाही.

पुढं पुराची कारणं शोधायला आणि उपाय सुचवायला राज्यानं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. हे गृहस्थ तोवर मुंबई इलाख्यात पुणे, नाशिक, धुळे या भागांत नोकरी करून निवृत्त झाले होते. खडकवासल्याला १९०३ साली त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले होते. त्यांनी नदीचं सगळं पाणलोट तपासलं आणि जे लिहिलं ते आजही वाचून दचकायला होतं. त्या खोऱ्यात ७८८ तलाव होते. त्यांतले २२१ फुटले. वरचं तळं फुटलं, त्याचं पाणी खालच्यावर आदळलं, खालचं फुटलं, ते दोघं मिळून तिसऱ्यावर गेले. शहरात जे पोचलं ते नुसतं पावसाचं पाणी नव्हतं, वर्षानुवर्षं लोकांनी अडवून ठेवलेलं पाणी एका रात्रीत मोकळं होऊन त्यात मिसळलं होतं.

याचा अर्थ तलाव वाईट असा विश्वेश्वरय्यांनी काढला नाही. त्यांनी शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचवले, पूर पोटात घेऊन हळूहळू खाली सोडणारे. उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, हिमायतसागर १९२७ साली. शहरात नदीच्या काठांना बांध घालून वर बागा कराव्यात, असंही त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे पूर म्हटला की लोक आधी काठाला भिंत मागतात. भिंत डोळ्यांना दिसते, निवडणुकीत दाखवता येते. विश्वेश्वरय्यांची नजर मात्र आधी पन्नास कोस वर, पाणी जिथून निघतं तिथं गेली. मला त्यांच्या कामातली हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

आता पानशेत. या दुर्घटनेवर पुष्कळ लिहून झालं आहे, पण ते बहुतेक पुण्याच्या बाजूनं. लकडी पुलावरून वाहणारं पाणी, पेठांतले पडलेले वाडे, पत्र्याच्या अर्धगोल घरांच्या वसाहती. मला त्या कहाणीतली आधीची रात्र जास्त महत्त्वाची वाटते.

मुठेची उपनदी आंबी, तिच्यावरचं हे मातीचं धरण. काम १९५७ च्या सुमारास सुरू झालं होतं आणि १९६१ च्या पावसाळ्यात ते अजून पुरं व्हायचं होतं. पाणी सोडण्याच्या मोरीचे दरवाजे नीट बसले नव्हते. तरी त्याच वर्षी पाणी अडवायचं ठरलं. एक वर्ष आधी पाणी मिळालं तर तेवढं पिकेल, हा त्यामागचा हिशेब. पाऊस मात्र हिशेबाबाहेर आला. अर्धवट दरवाज्यांच्या मोरीतून पाणी धडका मारत निघालं, मोरीला हादरे बसले आणि तिच्या वरची धरणाची माती खचू लागली. पाणी वर चढत होतं आणि पाळ खाली बसत होती.

११ जुलैच्या रात्री धरणावर लष्कराचे जवान आणि मजूर यांनी काय केलं, ते डोळ्यांपुढं आणून पाहा. वर मुसळधार पाऊस. खचलेल्या भागात मातीनं, वाळूनं भरलेली पोती रचायची. रचली की ती दबून खाली जायची. पुन्हा वर पोती टाकायची. एका बाजूला पाणी इंचाइंचानं वर येतंय, दुसऱ्या बाजूला माणसं पोत्यापोत्यानं उंची वाढवताहेत. रात्रभर त्यांनी ही शर्यत चालवली. तिचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. रात्री फुटायचं ते धरण सकाळी फुटलं. १२ जुलैला सकाळी सातच्या सुमाराला पानशेत गेलं. पाणी खडकवासल्यात आलं. खडकवासल्याचं धरण दगडी, १८७९ सालचं. डोक्यावरून पाणी वाहत असतानाही ते काही तास उभं राहिलं आणि दुपारी फुटलं. अंधारात, झोपेत असलेल्या पुण्यावर हे पाणी आलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. बंडगार्डनचा पूल सोडला तर शहरातले पूल पाण्याखाली गेले. दगावलेल्यांचा आकडा किती, यावर पुढं कधी एकमत झालं नाही. आणि ज्या शहरात दुपारी पाणी मावत नव्हतं तिथं दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं, कारण नळाचं पाणी यायचं ते खडकवासल्यातूनच.

त्या पोती रचणाऱ्यांच्या रात्रीचे तास पुण्याला मिळाले. प्रश्न असा की त्या तासांचा पुरता उपयोग झाला का? धरणावर माणसं जागी होती, शहर मात्र बराच वेळ गाफील होतं. धोका आहे हे ज्यांना दिसत होतं त्यांचा शब्द नदीकाठच्या ओसरीपर्यंत वेळेवर आणि स्पष्ट पोचला नाही. घबराट पसरू नये म्हणून गप्प राहणं हा आपल्या सरकारी कारभाराचा जुना स्वभाव आहे. पुढं चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती बावडेकर यांचं चौकशी चालू असतानाच निधन झालं, मग न्यायमूर्ती नाईक यांनी ती पुरी केली.

पानशेतनंतर अठरा वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७९ रोजी, गुजरातेत मच्छू नदीवरचं धरण फुटून मोरबी शहर बुडालं. तिथंही मातीचे बांध डोक्यावरून पाणी जाऊन वाहून गेले. आणि २३ जुलै १९८९ या तारखेची आठवण बीड शहरातल्या माणसाला करून द्यावी लागत नाही. बिंदुसरा नदी, एरवी बाराही महिने जिच्याकडे कुणी ढुंकून पाहात नाही ती, रौद्र होऊन आली. काठच्या वस्त्या गेल्या, माणसं गेली. आमच्या गावातून ज्यांचे सोयरे बीडला होते ते दुसऱ्या दिवशी मिळेल त्या वाहनानं तिकडं धावले. नदी कोरडी राहिली की माणूस तिला विसरतो आणि घरं हळूहळू पात्रात उतरतात. दरवर्षी पूर येणाऱ्या गंगथडीच्या गावात असं होत नाही. तिथल्या माणसाला कोणत्या पायरीला पाणी लागलं की गुरं सोडायची, हे पाठ असतं. विसरण्याची चैन फक्त कोरड्या नदीकाठच्यांना परवडते, किंवा परवडते असं वाटतं.

अलीकडची गोष्ट तिवऱ्याची. रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातलं हे लहानसं मातीचं धरण. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि खालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसं गेली. धरण काही जुनाट नव्हतं, जेमतेम वीस वर्षांचं होतं. गळती लागल्याचं गावकरी आधीपासून सांगत होते. धरण फुटल्यावर मात्र खेकड्यांनी पाळ पोखरली, असं थेट मंत्र्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं. महाराष्ट्र त्यावर हसला. खेकडे माती पोखरतात हे खोटं नाही. पण पोखरलेलं जाऊन बघायला माणूस नेमायचा असतो, ही गोष्ट त्या हसण्यात बाजूला राहिली.

२०२१ साली देशात धरण सुरक्षिततेचा कायदा झाला. उशिरा झाला, पण झाला. मात्र तो लागू आहे तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना. आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना, जर त्यांची लांबी किंवा साठा वगैरे ठरलेल्या मापात बसत असेल तर. आमच्या तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर मोठं धरण आहे. त्याची पाहणी होते, पाणी सोडायचं झालं तर खालच्या गावांना इशारा जातो, दवंडी देतात, आता मोबाइलवर निरोप येतात. गावाच्या डोक्यावरचं पाझर तलावाचं पाणी मात्र या मापात बसत नाही. त्याची पाळ आठ-नऊ मीटरची. असे लहान तलाव कागदावर जिल्हा परिषदेकडे किंवा जलसंधारण खात्याकडे असतात. प्रत्यक्षात ते कुणाचे, हे तलावाखाली राहणाऱ्यालाही सांगता येत नाही. मोठं धरण फुटलं तर जिल्हा बुडेल, लहान तळं फुटलं तर एक वस्ती. वस्तीतल्या माणसाला हा फरक समजावून सांगणं अवघड आहे.

दोष सगळा कचेरीवर टाकून आपण मोकळे व्हावं, असंही मला वाटत नाही. पिचिंगचे दगड कुणाच्या घराच्या जोत्यात गेले, ते प्रत्येक गावाला माहीत असतं. पाळीवर बाभळी वाढतात, त्या तोडल्या तर सरपण आणि ठेवल्या तर सावली, म्हणून त्या राहतात आणि त्यांची मुळं गाभ्यात शिरतात. आणि सांडवा! आमच्या भागात सांडव्यातून पाणी वाहून जाताना बघणं हा जिवाला चटका असतो. तीन-तीन वर्षं ज्या तळ्यात चिखलसुद्धा दिसत नाही, ते भरलं आणि त्यातून पाणी निघून चाललं, तर कुणाला राहवेल? मग रातोरात सांडव्याच्या तोंडाशी दगड लागतात, मातीची पोती लागतात. हातभर पाणी जास्त थांबलं तर खालच्या विहिरींना उन्हाळ्यात महिनाभर ओल राहते. हे करणारी माणसं लबाड नसतात, तहानलेली असतात. १९६१ साली पानशेतला एक वर्ष आधी पाणी अडवणाऱ्यांची तहानही याच जातीची होती, फक्त ती फायलीवर मंजूर होऊन आली होती.

पण सांडवा हातभर उचलला की पाळीच्या माथ्यापर्यंतचं अंतर हातभर कमी होतं. हे अंतर ठेवलेलं असतं ते कधीतरीच येणाऱ्या पावसासाठी. बालाघाटावर आता तो ‘कधीतरी’ वरचेवर येऊ लागला आहे. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो, बाकीचे दिवस ऊन. पाणी हवं आहे आणि पाण्याची भीतीही वाटते, आणि दोन्ही गोष्टी एकाच तळ्याकडून. ज्याची विहीर पाझरावर आहे तो सांडवा उचलायचा म्हणतो. ज्याचं घर ओढ्याकाठी आहे तो मोकळा ठेवायचा म्हणतो. कित्येकदा हे दोघं सख्खे भाऊ असतात. ग्रामसभेत यावर भांडण झालेलं मी ऐकलं आहे आणि ते भांडण व्हावं, उघडपणे व्हावं, असं माझं मत आहे. रात्रीतून पोती लावण्यापेक्षा ते बरं.

पूर्वी गावात जागल्या असायचा. रात्री गस्त घालणं हे त्याचं काम आणि त्याबद्दल त्याला धान्य मिळायचं. ती व्यवस्था अन्यायाची होती, जातीवर उभी होती आणि ती गेली हे योग्यच झालं. ते काम मात्र उरलं आहे आणि ते कुणाच्याच नावावर नाही. मोठ्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन पाळीवर कोण जाणार, दोघांनी जायचं की तिघांनी, वर पाणी कुठल्या दगडाला लागलं आणि खाली पायथ्याशी गढूळ आलं का, हे बघून कुणाला फोन करायचा, फोन लागला नाही तर देवळाचा भोंगा कोण लावणार, ओढ्याकाठच्या घरांतल्या म्हाताऱ्यांना कुणी उचलून शाळेत न्यायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये काही गावांत पोरांनी हे सगळं ऐनवेळी, कुणी न सांगता केलं. काही गावांत सगळेच दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर राहिले.

मृग निघायच्या आधी सांडव्यातली बाभूळ तोडायला, तोंडाशी साचलेला गाळ आणि दगड काढायला दहा माणसं आणि एक दिवस लागतो. पाळीवरची बिळं मुरूम घालून ठोकून बुजवायला आणखी एक. तिसऱ्या दिवशी तळ्याच्या आतल्या बाजूच्या दगडांवर चुन्यानं हातहाताच्या अंतरावर रेघा मारून घ्याव्यात, म्हणजे अंधारात बॅटरी टाकली की पाणी किती चढलं ते लांबूनही दिसतं.